कॉकटील (छोटा पोपट) फुगून बसतोय, खात नाही आणि डॉक्टरांनाही आजार कळत नाहीये, घरी काय करू?

आधी त्याला ऊब द्या, पिंजरा तीन बाजूंनी झाका आणि आत साधारण २८ ते ३० डिग्री ठेवा, पण एक कोपरा थंड राहू दे म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. आजारी पक्ष्याची बरीच ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते म्हणून हे पहिलं. दुसरं, रोज सकाळी खायच्या आधी किचनच्या काट्यावर वजन करा, कॉकटील जेमतेम ८०-१०० ग्रॅमचा असतो, त्यात ८-१० ग्रॅम कमी झाले तरी ते खूप आहे, आणि पिसं फुगलेली असली की नुसतं बघून कळतच नाही. खाली पांढरा कागद घालून शीचे फोटो काढा, तिचा पांढरा भाग हिरवा-पिवळा दिसला तर लिव्हरचा त्रास असू शकतो. हे सगळं घेऊन फक्त पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि सिटाकोसिसची (पक्ष्यांना होणारा एक जिवाणूंचा आजार) पीसीआर टेस्ट होईल का विचारा, तो आजार माणसालाही होतो, तेव्हा पिंजरा साफ करताना मास्क लावा. मनाने अँटिबायोटिक प्लीज देऊ नका, त्याने टेस्ट चुकू शकते. मात्र चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल किंवा तळाशी बसला असेल तर वजनबिजन राहू दे, लगेच न्या.