आधी पाठ बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेत गुलामगिरीतून पळून तिच्याविरुद्ध लढलेला वक्ता, याच्या जुन्या फोटोची लिंक पाठवून "घेऊ का?" एवढंच विचारलं आहेस. नको घेऊस. त्याची दीडशेहून जास्त वेगवेगळी छायाचित्रं आज माहीत आहेत, तरी अस्सल प्रत निघाली की मोठमोठी संग्रहालयं लिलावात उतरतात. शिवाय विकणाऱ्याने पाठीमागची बाजू दाखवलेलीच नाही. पाठ न दाखवणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, हा नियम आजपासून पाळ.

सुरुवात कार्त-द-व्हिझिटने कर. संग्राहक नुसतं 'सीडीव्ही' म्हणतात. १८५४ मध्ये पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने याचं पेटंट घेतलं. साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला पातळ अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा फोटो. दहापट भिंगाखाली धर. कागदाचे तंतू दिसले, उजळ भाग पिवळसर पडलेला असला तर पुढे बोलू. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्यातला माल आहे, ठेवून दे. १८६० च्या दशकातल्या पुठ्ठ्यांचे कोपरे बहुधा चौकोनी असतात, गोल कोपरे नंतरचे.

आता पाठ. फोटोग्राफरचं नाव-गाव तिथे असतंच, पण खरी मजा तिकिटाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या खर्चासाठी सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर होता. फोटोग्राफरने मागे महसुली तिकीट चिकटवायचं आणि त्यावर आद्याक्षरं, तारीख टाकून ते रद्द करायचं. २ सेंटचं तिकीट म्हणजे फोटोची किंमत २५ सेंटच्या आत. अर्थात ही तारीख विक्रीची. फोटो काढला कधी, हे तिकीट सांगत नाही.

सोजर्नर ट्रुथ, गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध बोलणारी बाई, हिचं कार्ड कधी हातात आलं तर सावकाश बघ. पांढरी टोपी, शाल, चष्मा, हातात विणकाम. खाली छापलेली ओळ: देह पोसायला मी ही सावली विकते. सावली म्हणजे हा फोटो. नवव्या वर्षी या बाईला मेंढ्यांच्या कळपाबरोबर १०० डॉलरला विकलं होतं. १८६४ मध्ये तिने आपल्या फोटोचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवला, फोटोग्राफरच्या नव्हे. सभांमधून, टपालाने कार्डं विकून ती खर्च भागवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्यवहार पक्का.

गुलामगिरीतून पळालेल्या गॉर्डनचा, पाठीवरच्या चाबकाच्या वळांचा १८६३ चा फोटो मात्र मी घेत नाही. त्याने अमेरिकेच्या उत्तरेतल्या राज्यांतल्या लोकांचे डोळे उघडले, हे खरं. पण ते वळ कपाटात ठेवून त्यांचा भाव वाढण्याची वाट बघणं मला जमत नाही. तुझं तू ठरव.

परवडणारी नावं हवीत? वेंडेल फिलिप्स, चार्ल्स सम्नर, हेन्री वॉर्ड बीचर, सगळे गुलामगिरीविरोधी पुढारी. यांची कार्डं ढिगाने निघाली होती, अजून मिळतात. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांतलेच हे. आपल्याकडच्या माणसाने संग्रहाची सुरुवात इथूनच का करू नये?

अख्खा अल्बम मिळाला तर कार्डं सुटी करू नकोस. व्यापारी करतात, कारण सुट्याला जास्त पैसे येतात. एमिली हॉउलंड या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) शिक्षिकेचा अल्बम २०१७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात आला. त्यात गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनचा तोवर कुणाला माहीत नसलेला, चाळिशीतला फोटो होता. शेजारी कोण होतं, यावरून कोणाची कोणाशी ऊठबस होती ते कळतं. अमेरिकेचं काँग्रेस ग्रंथालय आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय यांनी मिळून तो घेतला, म्हणून एकत्र राहिला.

पावसाळ्यात जपायला लागतं. अल्ब्युमिन आणि खळ, दोन्ही कसरीचं आवडतं खाणं. पॉलिएस्टरची पाकिटं घे, पीव्हीसीची अजिबात नको. डब्यात सिलिका जेल टाक. सेलोटेप, लॅमिनेशन यांचं नाव काढू नकोस.

कळावे.

ता. क. बोली लावताना हातोडा पडतो ती रक्कम शेवटची समजू नकोस, वर लिलावघराचं कमिशन असतं. हॉउलंड अल्बमवर हातोडा पडला १,३०,००० डॉलरला, मोजावे लागले १,६१,०००. तुला तर त्यावर कुरिअर आणि कस्टम्सही धरावं लागेल.