४१,९०० चा ड्रायर पुन्हा त्याच कंपनीचा घ्यावा का?

प्रश्न : मी नेरूळला राहते. सीवूड्स, बेलापूर, पाम बीच रोडच्या सोसायट्यांमध्ये घरी जाऊन ब्लो-ड्राय आणि नवरीच्या हेअरस्टाइल करते. महिन्याला १६-१७ कामं होतात, सगळं धरून २५ ते ३० हजार सुटतात. एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा ड्रायर २८,००० ला घेतला होता. तो ४ वर्षं अप्रतिम चालला. मग त्याच कंपनीचा नवा ३४,९०० ला घेतला, पण वर्षभरातच त्याचा जोर कमी वाटायला लागला. २१व्या महिन्यात सर्व्हिस सेंटरला दिला, त्यांनी साफ करून ‘ओके’ म्हणून परत केला. आता २६ महिने झालेत आणि २ वर्षांची वॉरंटी संपली आहे. कमरेपर्यंतचे केस जिथे १० मिनिटांत वाळायचे तिथे २२ मिनिटं लागतात. कंपनी म्हणते, जुना परत द्या, ४१,९०० च्या नव्या मॉडेलवर २५ टक्के सूट देतो. दुकानदार पूर्ण किमतीवर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतोय. मुलगी ५ वर्षांची आहे, तिच्यासाठीची ३,५०० ची एसआयपी वर्षभर थांबवून हप्ता भरू का? भाऊ अमेरिकेत असतो, त्याला आणायला सांगू का? ओळखीचे एक जण म्हणाले, धंद्याचा खर्च दाखवला की टॅक्स वाचेल. पहिल्यासारखा मिळणार असेल तर मी ५० हजारही देईन.

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. पहिल्यासारखा मिळेल, असं तुम्हाला कोणीही लिहून दिलेलं नाही. दुसरा ड्रायर तुम्ही पहिल्याच्या भरवशावर घेतलात आणि तिसराही त्याच भरवशावर घ्यायला निघालात. मधल्या ड्रायरनं दिलेला अनुभव हिशेबात धरायला हवा, कारण तो जास्त ताजा आहे.

वर्षाला साधारण २०० कामं धरू. पहिला ड्रायर ४ वर्षं चालला, म्हणजे ८०० कामं. एका कामामागे ड्रायरचा खर्च ३५ रुपये. दुसऱ्यावर २६ महिन्यांत सव्वाचारशे-साडेचारशे कामं झाली असतील, म्हणजे कामामागे सुमारे ८० रुपये, आणि तोही अर्ध्या जोरानं चाललेला. ४१,९०० चं नवं मॉडेल पुन्हा ३५ रुपयांवर यायचं तर त्याला १,२०० कामं करावी लागतील, म्हणजे पूर्ण ६ वर्षं. कंपनी स्वतः जबाबदारी घेते फक्त २ वर्षांची. २५ टक्के सूट धरली तरी ३१,४०० होतात आणि साडेचार वर्षं लागतात. तुम्ही हौसेसाठी ड्रायर घेत असतात तर मी एवढा काथ्याकूट केला नसता. पण हे तुमचं अवजार आहे, आणि अवजाराची किंमत ते किती कामं करतं यावरच ठरते.

याचा अर्थ आहे त्याच ड्रायरवर रेटत राहा असं मी म्हणत नाही. एका कामात १२ मिनिटं जास्त, १७ कामांत जवळजवळ साडेतीन तास. एवढ्या वेळात आणखी तीन घरं होऊ शकतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदा मुहूर्त सुरू झाले की एका सकाळी दोन नवऱ्या असतात, तिथे हा उशीर परवडणारच नाही. म्हणून ड्रायर बदलायचा, आणि लवकर बदलायचा. वाद फक्त कुठला आणि कुठल्या पैशांनी, एवढाच.

मात्र पैसे काढण्याआधी एक तपासणी घरी करा. खरंतर हे इलेक्ट्रिशियनचं काम, पण तुमचा निर्णय यावर अडलाय. प्रत्येक डिजिटल वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३,२०० छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. ड्रायर पूर्ण गरम आणि पूर्ण वेगावर एक मिनिट चालवा आणि दिवा किती वेळा लागला ते मोजा. १,६०० वॅटच्या ड्रायरला साधारण ८५ वेळा लुकलुकायला हवं. ६० वेळाच लुकलुकला तर तो ११२५ वॅटच खेचतोय. तसं असेल तर एकतर हीटर गेला आहे, किंवा आत उष्णता साठून सुरक्षेचा स्विच त्याला मध्येमध्ये तोडतोय, किंवा तुमच्याकडे वीजच कमी दाबानं येते. दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला तर १,६०० वॅटचा हीटर १२१० वॅटवर येतो. आकडा ८५ च्या आसपास आला आणि तरी झोत मंद असेल, तर दोष हवेच्या वाटेत आहे, म्हणजे मागची जाळी किंवा मोटर. आपल्याकडे केसांना तेल असतं, वरून स्प्रे मारला जातो, आणि ते धुळीबरोबर जाळीत बसतं. वरवर पुसून ते निघत नाही.

आणखी एक. १,६०० वॅट म्हणजे ७ अँपिअर. बेडरूममधलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही आरशाजवळ बसता यावं म्हणून बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर ड्रायर लावत असाल, तर त्या वायरीत विजेचा दाब घटतो, पिन तापते आणि ड्रायर मंदावतो. नवा कुठलाही घेतलात तरी हा त्रास राहील. जाड वायरचा, १६ अँपिअरचा स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत ठेवा आणि तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. तेवढ्यानं जुना ड्रायर सुधारला, तर ४१,९०० चा प्रश्नच मिटला.

सुधारला नाही असं धरून पुढे जाऊ.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज असतंच, ते सवलतीच्या नावाखाली वळतं केलेलं असतं. बँकेचा दर १५ टक्के धरला तर ४१,९०० मध्ये सुमारे ३,२०० रुपये व्याजाचे आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून वेगळा कापला जातो, वर प्रक्रिया शुल्क. मिळून ८०० च्या आसपास जातात. ही रक्कम मोठी नाही. मला चिंता आहे ती महिन्याला जवळपास साडेतीन हजारांच्या हप्त्याची, कारण तुमची कमाई लग्नसराईत फुगते आणि पावसाळ्यात आटते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. एखाद्या महिन्यात चुकला तर कार्डावरचं व्याज आणि दंड सुरू होतो.

एसआयपी अजिबात थांबवू नका. वर्षभराचे ४२,००० थांबले आणि मुलगी १९ वर्षांची होईपर्यंत पुढची १३ वर्षं १० टक्के वाढ धरली (तशी हमी कोणी देत नाही), तर त्यावेळी सुमारे १ लाख ४५ हजार कमी असतील. ज्या ड्रायरची वॉरंटी तिच्या दुसरीच्या आत संपेल, त्यासाठी तिच्या कॉलेजच्या पैशांना हात लावणं मला पटत नाही.

टॅक्सचं म्हणाल तर तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही तो ड्रायर घेऊन वाचणार कुठून? शिवाय तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जिला सगळे ४४ एडी म्हणत आलेत) विवरणपत्र भरत असाल, तर तिथे खर्च वेगळा दाखवताच येत नाही. उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरला जातो आणि विषय संपतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या बाबतीत तो लागू नाही.

भावाला ड्रायर आणायला सांगू नका. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचा ड्रायर इथे थेट लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर एवढ्या वॅटसाठीचा ट्रान्सफॉर्मर काही किलोंचा असतो, तो घेऊन तुम्ही घरोघर फिरणार कशा? आणि तिथल्या पावतीवर इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करण्याची शक्यताच जास्त.

मग घ्यायचं काय? माझं मत सलूनमध्ये वापरतात तसा एसी (अल्टरनेटिंग करंटवर चालणाऱ्या) मोटरचा ड्रायर. साधारण ५ ते १० हजारांत चांगले मिळतात. ते दिसायला साधे असतात आणि वजनानं जड असतात, म्हणून दुकानात निदान पाच मिनिटं हात वर धरून बघा, मनगटाला झेपतो का ते. बरेचसे २,००० वॅटचे असतात, त्यांना तर १६ अँपिअरचं सॉकेट हवंच. हार्बर लोकलनं मशीद स्टेशनला उतरलात तर क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात सलूनचं सामान विकणारी घाऊक दुकानं आहेत. विचारायचं एवढंच : सुटे भाग मिळतात का, आणि दुरुस्ती मुंबई-नवी मुंबईत होते का. ८,००० चा ड्रायर २ वर्षं जरी टिकला तरी कामामागे २० रुपये पडतात. दोन हजारांचा घरगुती ड्रायर मात्र घेऊ नका, तो रोजच्या धंद्यासाठी बनवलेला नसतो आणि पुन्हा वेळच खाईल.

हे ८,००० बचतीतून रोख द्या. आणि पुढच्या कामापासून प्रत्येक वेळी ५० रुपये वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला १०,००० जमतील, मग पुढचा ड्रायर, स्ट्रेटनर, जे बिघडेल ते त्यातून. ७०० च्या ब्लो-ड्रायमधून ५० बाजूला काढणं जमण्यासारखं आहे. जमत नसेल तर दर वाढवायची वेळ झाली आहे.

आता ३४,९०० च्या ड्रायरचं. तो कंपनीला परत देऊ नका. तुमची तक्रार २१व्या महिन्यातली आहे, म्हणजे वॉरंटी चालू असतानाची. त्यावेळची जॉब शीट (सर्व्हिस सेंटरनं दिलेली नोंदीची पावती) शोधा, तिच्यावर ‘झोत कमी’ अशी तक्रार लिहिलेली असेल तर ती तुमची खरी ताकद आहे. त्याच दोषासाठी विनामूल्य दुरुस्ती किंवा बदली मागणारा ई-मेल कंपनीला करा आणि उत्तराला १५ दिवस द्या. हाती काही लागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यानंतरही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणूनच तो ड्रायर तुमच्या हातात हवा. मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते अशा बाबतीत मार्गदर्शन करतात, जरूर विचारा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. अशा महागड्या ड्रायरच्या वॉरंटीत पुष्कळदा ‘फक्त घरगुती वापर’ अशी अट असते आणि कंपनी तीच पुढे करेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून तुमचा हक्क शाबूत आहे. पण वॉरंटीची अट हा वेगळा मुद्दा, त्यावर निकाल कुठेही लागू शकतो. वापराबद्दल खोटं मात्र लिहू नका. म्हणून या पैशांवर आज कुठलंही गणित बांधायचं नाही. मिळाले तर सरळ अवजारांच्या खात्यात टाका.

नव्या ड्रायरचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी कार्डात धंद्याचा वापर चालतो का ते पैसे देण्याआधी वाचा.