सोफा टाकण्याआधी उलटा करून बघा

ताई, कापड विरलं म्हणून सोफा लगेच भंगारात घालू नका. आधी तो उलटा करा, तळाचं कापड सोडवा आणि सांगाडा बघा. सागवानी असेल, सांधे डुगडुगत नसतील, तर तो नक्की ठेवण्यासारखा आहे. प्लाय फुगून भुगा पडत असेल तर मात्र त्यावर पैसे घालू नका.

बसल्यावर खड्डा पडतो तो बहुतेक वेळा दबलेल्या फोममुळे, नाहीतर फोमखाली ताणून बसवलेल्या पट्ट्या ढिल्या झाल्यामुळे. नुसत्या पट्ट्या बदलून भागतंय का, ते आधी कारागिराला विचारा. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम घ्या, पाठीला हलका चालतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो, मऊ-कडकपणा वेगळा. तो दुकानात बसूनच कळतो.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, सोफा भिजला. वरून वाळला, पण महिन्याभराने कापड उसवलं तर आतल्या काथ्यावर काळी बुरशी. सांगाडा धुऊन सावलीत वाळवला, बाकी सगळं फेकलं. तुमचाही भिजलेला असेल तर फोम वाचवायचा मोह धरू नका.

आणि जुनं कापड फेकू नका हं, कारागिराला नवं कापड कापायला तेच माप लागतं.