धरण फुटल्याची अफवा प्रशासनाने कशी खोडावी?

प्रश्न असा आहे: संकटात सरकारने अफवा खोडणं हे कर्तव्य की मुस्कटदाबी?

खोडावी, कर्तव्यच आहे. पण 'घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका' याला खोडणं म्हणत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पुण्याच्या वरचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ त्याच्या खालचं खडकवासला. दुसऱ्या दिवशी 'पुन्हा पाणी आलं' अशी हूल उठली आणि लोक पळत सुटले. त्यांना भोळसट ठरवू नका.

आजचं गणित पाहा. खडकवासल्यात मावतं १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघरमध्ये मिळून २७ च्या वर. ३५ हजार क्युसेकने (सेकंदाला ३५ हजार घनफूट) पाणी येऊ लागलं तर रिकामं खडकवासलाही सोळा तासांत भरेल, आणि पावसाळ्यात ते रिकामं नसतंच. म्हणजे पुण्यातून वाहणाऱ्या मुठा नदीत विसर्ग, म्हणजे धरणातून पाणी सोडणं, अटळ, तोही अनेकदा रात्री. नदीकाठच्या माणसाला कारण माहीत नसतं, फक्त पाणी चढताना दिसतं. २०२४ च्या जुलैत पुण्यातल्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा रहिवाशांची तक्रार हीच होती की वेळेत कळवलं नाही. आकडे दडवले की लोक शांत राहतात, हा साहेबी समज एकदाचा मुठेत सोडून द्या.

खुलाशाची पहिली ओळ खरी माहिती: 'रात्री १० वाजता विसर्ग इतका, धरण सुरक्षित.' अफवा नंतर, एका वाक्यात. मग पुढचा टप्पा किती क्युसेकचा, कुठल्या सोसायट्यांत पाणी येईल, पुढची माहिती किती वाजता. ती वेळ पाळा. नवीन काही नसेल तरी 'बदल नाही' एवढं लिहा. जुन्या व्हिडिओवर लाल 'फेक' शिक्का मारून तोच फिरवू नका. शिक्का कापून व्हिडिओ पुढे जातो. (मुठेवरचा भिडे पूल जवळपास दरवर्षी बुडतो, त्यामुळे त्याचे व्हिडिओ कुठल्याही वर्षी खपतात.) 'खोटं', 'जुनं' आणि 'अजून खात्री नाही' हे तीन वेगळे शेरे हवेत. तिसरा लिहायला अधिकारी कचरतात आणि तिथेच तोंडघशी पडतात. स्वतःचा आकडा चुकला तर पोस्ट गुपचूप उडवू नये, खाली वेळ टाकून दुरुस्ती द्यावी.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोट्या इशाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. ते कलम घाबरून फॉरवर्ड करणाऱ्या काकूंवर लावणं अनीतीच. आणि सरकारने स्वतःबद्दलच्या बातम्यांचा न्यायाधीश व्हायचं नाही. केंद्राबद्दलची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्दच केला.

सविस्तर खुलाशाच्या या पद्धतीला अपवाद एक: दंगलीची अफवा. तिथे सगळे तपशील हाती येईपर्यंत थांबू नये, पोलिसांना जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं लगेच सांगावं.