टर्मिनलवर फोटो तपासायचे? आधी एवढंच शिक

भाऊ, कपाशीच्या बोंडअळीचे फोटो तपासायला लिनक्सच्या टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) दोनच कमांड पुरे.

– 'फाइल' (इंग्रजीत file) आणि पुढे फोटोचं नाव. नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलं असलं तरी आत पीएनजी, म्हणजे फोटोचा दुसराच फाइल-प्रकार, असू शकतो. ही कमांड नावावर न जाता आतले बाइट वाचते. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं लाव.
– 'एक्झिफटूल' (इंग्रजीत exiftool) आणि पुढे फोटोचं नाव. हे वेगळं इन्स्टॉल कर. फोटो कधी काढला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर कोणत्या वावरात, तेही सांगतं.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच मागव. फाइलच्या यादीतली तारीखही शेवटच्या बदलाची असते, फोटो काढल्याची नव्हे.

इमेजमॅजिक (फोटोत बदल करायचं टूल) सध्या राहू दे. आज एका फोटोवर दोन्ही चालव, अडलास तर बिनधास्त विचार.