गती: किती, कशी आणि कुठे?

प्रश्न असा आहे: ‘मुलगी सहावीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे प्रकार दिले आहेत: रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित वगैरे. पाठ करता करता तिने विचारले, मग सद्गती यातल्या कुठल्या प्रकारात बसते? आम्ही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. अधोगती, गणितात गती असणे, दुसरी गती नसणे, गतिमंद या सगळ्यांतली गती एकच आहे का? आणि गती, वेग, चाल यांत नेमका फरक काय?’

मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गती एकच आहे. मन्‌वरून मती, रम्‌वरून रती, तशी गम्‌वरून गती. गम्‌ या संस्कृत धातूचा अर्थ फक्त ‘जाणे’. भरभर जाणे नव्हे, सरळ जाणे नव्हे, नुसते जाणे. मात्र कोणी गेला म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न येतात: किती वेगाने गेला, कसा गेला आणि शेवटी पोचला कुठे? या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांना भाषेने गती हेच नाव दिले. पाठ्यपुस्तकातले प्रकार ‘कसा’चे आहेत, रस्त्यावरच्या गतिरोधकाला ‘किती’शी मतलब, आणि सद्गती ‘कुठे’ची.

‘कुठे’पासूनच सुरुवात करतो, कारण मराठी माणसाच्या तोंडी हा अर्थ सर्वांत जास्त मुरलेला आहे आणि विज्ञानाच्या पुस्तकात तो अजिबात नाही. सद्गती, उत्तम गती, दुर्गती, अधोगती या सगळ्यांत गती म्हणजे जाऊन पोचण्याचे ठिकाण किंवा पोचल्यावरची अवस्था. जैन दर्शनात जीवाच्या चार गती सांगतात: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नारक. हे चार वेग नव्हेत, चार मुक्काम आहेत. पैशाच्या तीन गती सांगणारे संस्कृत सुभाषितही पुष्कळांना पाठ असते: दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि उपभोगही घेत नाही, त्याच्या पैशाला तिसरी गती ठरलेली. इथे गती म्हणजे शेवट काय होणार ते.

पोचण्याचे ठिकाण म्हटले की आसरा आणि उपाय हे अर्थ मागोमाग येतातच. ‘आता कोर्टात जाण्यावाचून दुसरी गती नाही’ यात गती म्हणजे वाट. तीच गत्यंतर या शब्दात आहे: गती अधिक अंतर, म्हणजे दुसरी गती. म्हणून ‘दुसरे गत्यंतर नाही’ या प्रयोगात ‘दुसरे’ दोनदा येते. चालते, पण ‘गत्यंतर नाही’ एवढे पुरे. अगतिक माणूस हा हालचाल थांबलेला माणूस नसतो. तो बिचारा चार कचेऱ्यांत खेटे घालत असतो. त्याला जायला जागा उरलेली नसते, म्हणून तो अगतिक. अवस्थेच्या अर्थाने बोलताना आपण शेवटची वेलांटीही टाकून देतो: ‘काय गत झाली बघ त्याची’, ‘माझीही तीच गत’. ही गत बहुतेक वेळा वाईटच असते. ‘पहिला नंबर आला, काय छान गत झाली’ असे कोणी म्हणणार नाही, म्हटलेच तर टोमणा मारायला.

गणितातली गती थोडी निराळी वाटते, पण तिची नाळही इथेच जुळते. संस्कृत व्याकरणात एक जुना संकेत आहे: ज्या धातूंचा अर्थ ‘जाणे’, त्यांचा अर्थ ‘जाणणे’ही होतो. त्यामुळेच अवगत म्हणजे कळलेले आणि आगम म्हणजे शास्त्र. मराठीत जाणे आणि जाणणे एकमेकांच्या जवळ उभे दिसतात हा मात्र निव्वळ योगायोग. पहिल्यामागे ‘या’ (जाणे) हा संस्कृत धातू आहे, दुसऱ्यामागे ‘ज्ञा’ (जाणणे). ‘तिला गणितात गती आहे’ म्हणजे ती गणिते पटापट सोडवते असे नाही. तिचा त्या विषयात शिरकाव आहे, बुद्धी तिथवर पोचते. एकेका गणितावर दिवस घालवणाऱ्यालाही गणितात उत्तम गती असू शकते.

म्हणून गतिमंद हा शब्द मला नीटसा बसलेला वाटत नाही. मतिमंद हा शब्द बोचतो, म्हणून तो पर्याय म्हणून पुढे आला आणि शिकण्याचा वेग कमी एवढेच त्यातून म्हणायचे होते. हेतू चांगलाच होता. पण वेगाच्या अर्थाने योजलेली ही गती आकलनाच्या अर्थानेही वाचता येते, आणि तशी वाचली की जुना शब्द नव्या वेषात परत आलेला दिसतो. आता बौद्धिक अक्षमता असे म्हणण्याकडे कल आहे, तो अधिक स्वच्छ आहे.

आता ‘कशी’कडे. इथे परंपरेची हौस दांडगी. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार आहेत: उत्क्षेपण म्हणजे वर फेकणे, अवक्षेपण म्हणजे खाली फेकणे, आकुंचन, प्रसारण आणि गमन. पहिले चार नेटके आहेत. उरलेले सगळे, म्हणजे गरगर फिरणे, वाहणे, ज्वाळेचे वर उसळणे, तिरपे जाणे, पाचव्यात कोंबले आहे. वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येकाला ‘इतर’ नावाचा एक कप्पा लागतोच. शाळेच्या पुस्तकात ते काम यादृच्छिक गतीकडे आहे: फुलपाखराची, रांगत्या बाळाची, मैदानात चेंडूमागे पळणाऱ्या पोरांची.

याच पुस्तकाबद्दल मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. ते कप्पे एकमेकांना कापत जाणारे आहेत. घड्याळाच्या काट्याची गती वर्तुळाकार आहे आणि ठरावीक काळाने तो त्याच जागी येतो म्हणून नियतकालिकही आहे. झोका आंदोलित आहे आणि बऱ्यापैकी नियतकालिकही. एक प्रश्न मार्गाच्या आकाराचा आहे, दुसरा वेळापत्रकाचा. ‘एकच उत्तर निवडा’ म्हणणारा प्रश्न आला तर मुलांचा गोंधळ होतो, आणि त्यात मुलांचा दोष नसतो.

आयुर्वेदात तर ‘कशी’ला फार मोल. नाडीपरीक्षेत वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी आणि कफाची हंस किंवा पारव्यासारखी चालते असे शार्ङ्गधरसंहितेत म्हटले आहे. नाडी मिनिटाला 72 पडते की 90, हा हिशेब या वर्णनात नाही. सरपटत जाते, उड्या मारते की डौलात चालते, ही तिची गती. डॉक्टर ठोके मोजतात, वैद्य चालण्याची तऱ्हा बघतात, आणि दोघेही आपापल्या परीने ‘नाडीची गती’च बघत असतात.

पण गतीचे खरे प्रकार शास्त्रांत शोधण्यापेक्षा आपल्या क्रियापदांत शोधावेत असे माझे मत आहे. संस्कृतातून आलेले जड शब्द बाजूला ठेवा आणि घरात कान द्या. गोटी उतारावरून घरंगळते, धोंडा गडगडत येतो. दोन्ही गोल फिरत खालीच येतात, पण पहिल्यात घसरण्याचा गुळगुळीतपणा आहे आणि दुसऱ्यात आपटण्याचा आवाज. पाळणा झोके घेतो, होडी हेलकावे खाते. घेतो आणि खाते! झोक्याला लय आहे, हेलकाव्यात भरवसा नाही. यातले क्रियापदसुद्धा ते जाणते. काठोकाठ भरलेली कळशी कमरेवर हिंदकळते, पोटातले पाणी डचमळते. झेंडा फडफडतो, ज्योत थरथरते, साप सळसळतो आणि त्याची जीभ लवलवते. पाणी ओघळते, झिरपते, पाझरते: ओघळायला पृष्ठभाग लागतो, झिरपायला थर लागतो, पाझरायला आतला ओलावा.

पृथ्वीच्या दोन गतींना भूगोलात परिवलन आणि परिभ्रमण म्हणतात आणि परीक्षेत हमखास त्यांची अदलाबदल होते. मुलीला सांगा, स्वतःभोवती ती गिरकी, दुसऱ्याभोवती ती प्रदक्षिणा. पृथ्वी एका दिवसात गिरकी घेते, वर्षभरात सूर्याला प्रदक्षिणा घालते. हा फरक आपल्या आज्यांनी पुस्तकाशिवाय सांभाळला होता. देवळात कोणी गिरकी घातली नाही आणि फुगडीत कोणी प्रदक्षिणा घेतली नाही.

चालण्याच्या तऱ्हा तर विचारूच नका. बाळ दुडुदुडु धावते, चिमुरडी तुरुतुरु जाते, घाईतली बाई लगबगीने आणि रिकामटेकडा रमतगमत. घोडा दुडक्या चालीने निघतो आणि बिथरला की चौखूर उधळतो. यांतल्या कशालाही ताशी किलोमीटरचा आकडा लावता येणार नाही. लगबगीत भरभर जाणे आहेच, पण काम समोर दिसत असल्याची जाणीवही आहे.

राहिला ‘किती’. गतीला वेगाच्या अर्थाने वापरू नये, ती म्हणजे फक्त हालचाल, असा आग्रह काही शुद्धतावादी धरतात. मला तो मान्य नाही. ज्योतिषगणितात गती हा मोजण्याचा शब्द पूर्वापार आहे. पंचांगातली ग्रहाची दिनगती म्हणजे तो एका दिवसात किती सरकला ते: सूर्याची मध्यम (सरासरी) गती 59 कला 8 विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), चंद्राची साधारण 790 कला 35 विकला, म्हणजे तेरा अंशांहून थोडी अधिक. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात ग्रहांच्या आठ गती दिल्या आहेत. मंद, मंदतर, सम, शीघ्र, शीघ्रतर हे सरळ जाण्याचे पाच, आणि वक्र जाण्याचे तीन. म्हणजे ‘किती’ आणि ‘कशी’ एकाच यादीत. (मंगळ वक्री होतो म्हणजे खरोखर उलटा फिरत नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून साधारण 26 महिन्यांनी त्याला मागे टाकते, तेव्हा तो मागे जाताना दिसतो. एवढे समजून मग ज्याला घाबरायचे त्याने घाबरावे.)

यातली सर्वांत मोलाची गती आहे भास्कराचार्यांची. सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविड गावचा हा गणिती. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. 1150 च्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात त्याने तात्कालिकी, म्हणजे त्या त्या क्षणाची, गती सांगितली. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतला फरक ही झाली दिवसाची गती. पण चंद्राचा वेग दिवसभर सारखा नसतो, मग या क्षणाची गती किती? हा प्रश्न विचारून भास्कराचार्य ‘ज्या’ (त्रिकोणमितीतली साइन) या राशीच्या फरकांवरून ती काढायची रीत देतात. ज्या शब्दाला इतके सूक्ष्म काम जमले, त्याला ‘तू वेग दाखवू नकोस’ म्हणणारे आपण कोण?

उलट गंमत वेग या शब्दाची. वैशेषिकांच्या लेखी वेग हे माप नव्हे, वस्तूच्या अंगी असलेला एक संस्कार. बाण धनुष्यातून सुटल्यावरही पुढे जात राहतो तो वेगामुळे. आतून येणारा रेटा, ही त्याची मूळ छटा. म्हणून आवेग, उद्वेग. म्हणून आयुर्वेदात शिंक, जांभई, तहान, झोप, अश्रू हे ‘वेग’ आहेत आणि ते अडवू नयेत असे चरकाने बजावले आहे. अशा तेरा वेगांची यादीच तिथे आहे. आज मात्र ताशी किलोमीटर म्हटले की आपल्या तोंडी वेगच येतो, आणि ते ठीकच आहे.

शाळेतल्या भौतिकशास्त्रात मात्र वाटणी ठरवून केलेली आहे: गती म्हणजे हालचाल, चाल म्हणजे दिशेचा विचार न करता एकक वेळात कापलेले अंतर, आणि वेग म्हणजे दिशेसकट, विस्थापनाच्या (निघालो तिथपासून पोचलो तिथवरच्या सरळ अंतराच्या) हिशेबाने. 400 मीटरच्या मैदानी ट्रॅकची एक फेरी 80 सेकंदांत मारली, तर सरासरी चाल सेकंदाला 5 मीटर आणि सरासरी वेग शून्य, कारण धावणारी निघाली तिथेच परत आली. घामाघूम झालेल्या मुलीला हे सांगून पाहा. परीक्षेत ही वाटणी काटेकोर पाळावी, बाहेर तिची सक्ती करू नये. चाल हा शब्द मराठीत इतका कामसू आहे की वेगमापनापुरता तो कधीच उरला नाही. गाण्याला चाल लावतात, शत्रूवर चाल करून जातात, बुद्धिबळात चाल खेळतात, लग्नात चालीरीती सांभाळतात. ‘गाडीची चाल ताशी साठ’ असे वर्गाबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

जोडशब्दांत काय होते तेही पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भरभर असण्याचे काम द्रुत करतो, गती नुसती जाते. जलदगती न्यायालयातही तेच. पण ‘कामाला गती द्या’ म्हटले की विशेषण गळते आणि भरभरपणाचा सगळा भार एकट्या गतीवर पडतो.

शेवटी लिहिण्याबद्दल, कारण हे प्रश्नात नसले तरी प्रश्न लिहिताना आपण ते बरोबर पाळले आहे. सुटा शब्द दीर्घ: गती. सामासिक शब्दाच्या शेवटीही दीर्घ: प्रगती, सद्गती, द्रुतगती. विभक्ती लागली तरी दीर्घच: गतीने, गतीचा. समासात आधी आला की मुळातला ऱ्हस्व परत येतो: गतिरोधक, गतिमंद, प्रगतिपुस्तक. त्यामुळे मुलीच्या हातात येते ते प्रगतिपुस्तक, आणि त्यात दिसते किंवा दिसत नाही ती प्रगती.