तुमचे प्रश्न, माझी उत्तरं : अर्धं राहिलेलं काम ठेवायचं कुठे?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. या जूनपासून तिला घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. घर वन बीएचके, जेमतेम चारशे फूट. हॉलमध्ये सासूबाईंचा दिवाण आणि टीव्ही, बेडरूममध्ये आम्ही तिघं. मिस्टर म्हणतात, बेडरूममधलं कपाट हलवू आणि टेबल, फळा, चार्ट लावून पक्की शाळेची खोली करू. सुताराने बावीस हजार सांगितलेत. मुलगी डावखुरी आहे. सध्या ती स्वयंपाकघरात ओट्याजवळ जमिनीवर बसूनच लिहिते. सासूबाईंना शाळा सोडणं पटलेलं नाही. हा खर्च करावा का?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : सुताराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर त्याला तीन महिने थांबायला सांगा. टेबल वाईट म्हणून नव्हे. तुमची मुलगी कुठे बसते, कशी बसते, हे या तीन महिन्यांत तुम्हाला दिसेल आणि मग पैसे योग्य जागी पडतील.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की ती ओट्याजवळ बसून लिहिते. म्हणजे तिने जागा निवडलेली आहे. तुम्ही तिथे असता, काही अडलं तर मान वर करून विचारता येतं. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. पुढे त्याच भागातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली, ती कुरणातच. मूल जिथे आहे तिथे शिकणं न्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्याला तर फक्त बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत यायचंय. शेगडीपासून तीन-चार हात लांब, कुकर आणि तापलेल्या तेलाच्या वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात एक सतरंजी घाला. झाली सुरुवात.

आता मला खरं सांगायचंय ते सांगते. मी बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि नंतर धाकट्याला तिसरीपासून घरी शिकवलं. दोन खोल्यांचं घर होतं. तो नऊ वर्षांचा असताना गावाहून ज्वारीची कणसं आली होती. एका कणसात दाणे किती, असं त्याच्या मनात आलं. वर्तमानपत्र पसरून तो मोजायला बसला. दहा-दहाचे ढीग, दहा ढीग झाले की एका वाटीत. वाट्या संपल्या तेव्हा झाकणं घेतली, झाकणं संपली तेव्हा पणत्या काढल्या. संध्याकाळपर्यंत तेराशेच्या पुढे गेला होता आणि कणीस अजून निम्मं बाकी होतं. तेवढ्यात पाहुणे आले. पानं वाढायला जागा नव्हती. मी सगळे दाणे एका डब्यात ओतले आणि ‘उद्या मोज’ म्हणाले. तो रडला नाही, काही बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला नाही, त्यानंतरही नाही. शंभर म्हणजे काय, हजार म्हणजे काय, हे त्याच्या हाताला कळत होतं आणि ते मी मोडलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून लहान घरात मी सगळ्यांना आधी हेच विचारते : अर्धं राहिलेलं काम रात्री कुठे राहील? शाळेत घंटा होते, वही मिटते. घरच्या शिक्षणात एक गोष्ट चार दिवस चालू शकते, तेच तर त्याचं बळ. पण रोज जेवायच्या वेळी सगळं आवरावं लागलं तर मूल हळूहळू अर्ध्या तासात संपेल एवढंच हातात घेतं.

आमच्याकडे उपाय निघाला तो एका फळीचा. बारा एमएमचं प्लायवुड, दोन फूट बाय तीन फूट. तीन बाजूंना अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी, म्हणजे दाणे, मणी, पेन्सिली घरंगळत नाहीत. चौथी बाजू मोकळी, कारण हात तिथून टेकतो. खाली चार छोटी चाकं. जे काय करायचं ते फळीवर. जेवायची वेळ झाली की फळी जशीच्या तशी पलंगाखाली आणि सकाळी बाहेर. कडा पॉलिशपेपरने नीट घासून घ्या, प्लायची कुसळं फार खोल जातात. पलंगाखाली सात-आठ इंच मोकळे हवेत. तुमचा बेड बॉक्सचा असेल तर चाकांशिवाय फळी करा आणि कपाटावर ठेवा, मात्र मग ती काढून देणं हे तुमचं रोजचं काम.

सासूबाईंच्या दिवाणाखाली जागा असेल तर ती त्यांच्याकडे मागा. परस्पर फळी सरकवू नका, मागा. हॉल त्यांचा आहे, टीव्हीची वेळ त्यांची आहे, ती तशीच राहू द्या. त्या वेळी मुलगी स्वयंपाकघरात असेल. शाळा सोडल्याची धास्ती त्यांना वाटते ती नातीच्या काळजीपोटीच, हे लक्षात असू द्या. वादाने ती जाणार नाही. आपल्या दिवाणाखाली नात काय ठेवते हे त्या रोज बघतील, ते मला जास्त भरवशाचं वाटतं.

टेबलाऐवजी सध्या चौरंग पुरेल. उंची अशी ठरवा : तिला मांडी घालून ताठ बसवा, हात कोपरात काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मापा. चौरंग तेवढाच हवा, फार तर दोन बोटं वर. गुडघे खाली मावतात ना तेवढं बघा. पुढे टेबल केलंत तरी माप हेच, फक्त बैठकीपासून कोपरापर्यंत, आणि पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट. मोठ्यांच्या तीस इंची टेबलावर आठ वर्षांचं मूल खांदे उचलून लिहितं आणि मग आपण अक्षर वाईट म्हणतो.

डावखुरी आहे हे लिहिलंत ते बरं केलंत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, हिला उजवीकडून. नाहीतर तिच्याच हाताची सावली अक्षरावर पडते. खिडकी उजव्या हाताला येईल अशी बसवा. ट्यूब पाठीमागे असेल तर डोक्याची सावली वहीवर येते, तेव्हा संध्याकाळसाठी एक दिवा उजव्या बाजूला लावा. वही थोडी उजवीकडे तिरकी ठेवू द्या, सरळ करायला लावू नका.

फळा हवाच असेल तर स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला काळा रंग मारा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुसायला ओलं फडकं, म्हणजे खडूची भुकटी जेवणात उडत नाही. चार्ट विकत आणू नका. तिने केलेलं लावायला एक सुतळी आणि दहा चिमटे पुरेत. पुस्तकं खालच्या कप्प्यात, तिचा हात पोहोचेल तिथे. हे सगळं मिळून बावीस हजारांच्या जवळपासही जात नाही.

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं, जुनं. माडीवरची अख्खी खोली दहा वर्षांच्या मुलाला अभ्यासासाठी दिली आहे. पण तो वर बसतच नाही, सारखा खाली येतो. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशीही येते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खाली माणसं आहेत म्हणून तो खाली येतो. त्याला पडवीत किंवा ओटीवर जागा करून द्या, जिथून आजोबा दिसतात, येणारा-जाणारा दिसतो. माडी ठेवा पसाऱ्यासाठी, म्हणजे मोडलेला रेडिओ, लाकडं, रंग, जे महिनाभर पसरून ठेवायचं ते. अशी खोली मुंबई-पुण्याच्या मुलांना मिळत नाही, तिची किंमत त्यालाच कळू दे. पुस्तकांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चिऱ्याची भिंत ओल धरते, मागून वारा खेळला पाहिजे. श्रावणात उघडीप मिळेल त्या दिवशी पुस्तकं उन्हाजवळ सावलीत पसरा, थेट उन्हात नको, पानं वाकतात.

प्रश्न : घरी वेगळी खोली किंवा प्रयोगशाळा नसेल तर मुलाला पुढे परीक्षेला बसता येतं का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, दहावीच्या स्तरासाठी चौदा वर्षं पूर्ण असल्याचं बघते, तुमच्या घरात खोल्या किती ते नाही. विज्ञानाची प्रात्यक्षिकं त्यांनी दिलेल्या अभ्यासकेंद्रावर होतात. त्याआधी मुक्त बेसिक शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही पाचवी, आठवी, दहावी, बारावी करता येते. पाचवीसाठी दहा वर्षं पूर्ण हवीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचं नाव घेऊन ना परवानगी आहे, ना बंदी. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि आधीच्या शाळेचा दाखला मात्र एका फाइलमध्ये घालून ठेवा. प्रवेशाच्या वेळी त्याचीच धावपळ होते.